देवळालीहून आणलेला आवाज

माझी गिटार भोंग्यातून वाजायची तेव्हा ती गिटार आहे हे लोकांना सांगावं लागायचं.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी ओझरच्या विमानांच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून नुकताच कायम झालो होतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत वाजवत होतो. पार्टी म्हणजे पाच माणसं. पेटीवर चांदवडकडचे एक काका, एक ढोलकीवाला, एक खंजिरीवाला, गिटारवर मी आणि गायला माझी मोठी बहीण. आम्ही मंगलपरिणयात गायचो, जयंतीला गायचो, कुणाच्या गृहप्रवेशाला बोलावलं तर तिथंही जायचो. गाणी वस्तीतलाच एक पेंटर लिहून द्यायचा.

बहिणीला मी अक्का म्हणायचो. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तेव्हा ती नुकतीच नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. घर तिनं सावरलं, मला शिकवलं, आणि मी आय.टी.आय. पास झालो तेव्हा मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून मला जुनी इलेक्ट्रिक गिटारही तिनंच आणून दिली. दिवसभर चौथीच्या पन्नास-साठ पोरांपुढे बोलून यायची आणि संध्याकाळी पुन्हा गायची. तिचा आवाज पातळ नव्हता. थोडा जाडसर, भरलेला, आणि वर जाताना कुठंही न अडखळणारा. वस्तीतल्या बुद्धविहारात गाताना ती माइक बाजूला सरकवायची. मागे भिंतीला टेकून बसलेल्या बायका तिथूनच मान डोलवायच्या.

गिटारचं तसं नव्हतं. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारच्यालाही ऐकू येत नाही. म्हणून मी तिची वायर लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनला जोडायचो. ते मशीन भाषणासाठी केलेलं. थोडा आवाज चढवला की गिटार फाटायची, नुसता खरखराट व्हायचा. नाशिकरोडच्या एका लग्नात मी असाच जोर लावून वाजवत होतो, तेव्हा पुढे बसलेला एक माणूस ओरडला, "काय रे, पत्रा कापायचं काम चालू हाय का?"

सगळा मांडव हसला. अक्का माइकवर होती. ती गाणं थांबवून म्हणाली, "माझा भाऊ आहे तो. शिकतोय अजून."

हसणं थांबलं. पण मला त्या माणसापेक्षा तिच्या बोलण्याची जास्त लाज वाटली. त्या दिवशी मी ठरवलं की आपल्याला स्वतःचा अँप्लिफायर हवा. मोठा वाजणारा आणि मोठा वाजूनही स्वच्छ राहणारा.

कारखान्याच्या बसमध्ये माझ्या शेजारी देवळालीचा एक फिटर बसायचा. त्याच्या गल्लीत एक ख्रिश्चन म्हातारे गृहस्थ होते, तरुणपणी लष्करी अधिकाऱ्यांच्या पार्ट्यांना वाजवणाऱ्या बँडमध्ये असलेले. त्यांच्याकडे जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा एक विलायती अँप्लिफायर पडून आहे आणि तो त्यांना विकायचाय, असं त्या फिटरनं सांगितलं. पुढच्याच रविवारी सकाळी मी गिटार खांद्याला लावून देवळालीला गेलो.

एका जुन्या बंगल्याच्या मागे दोन खोल्यांत ते एकटेच राहत होते. बोटं संधिवातानं वाकडी झालेली. गिटारची पिशवी बघून ते हसले. "बजाता है? अच्छा. ये, बस." मराठी आणि हिंदी ते एकाच वाक्यात बोलायचे. मी त्यांना अंकल म्हणायला लागलो ते कधी, मला कळलं नाही.

अँप्लिफायर स्टुलावर ठेवला होता, वर धुतलेली चादर. साधारण मोठ्या ट्रंकेएवढा. काळं रेक्झिन कोपऱ्यांवर फाटलेलं, पुढच्या जाळीच्या कापडाचा रंग चहासारखा झालेला. नावाची पट्टी कधीच निघून गेली होती, तिच्या खिळ्यांची दोन भोकं तेवढी राहिली होती. मागची बाजू उघडी होती. आत चार मोठे व्हॉल्व्ह, काही छोटे, आणि विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. तो ट्रान्सफॉर्मर बघूनच मला समजलं की ह्याच्यात ताकद आहे.

मी लगेच गिटारची वायर लावायला निघालो.

"घाई नको," अंकल म्हणाले. "आधी तापू दे."

त्यांनी बटण दाबलं. थोड्या वेळानं व्हॉल्व्हमधल्या तारा नारिंगी झाल्या, आणि तापलेल्या धुळीचा वास खोलीत पसरला. तोवर मी माझं काम केलं. स्पीकरला कान लावून गुणगुण किती येते ते ऐकलं. जोडकाम तपासलं, ते कुणीतरी मन लावून केलेलं होतं. मग पेन्सिलीनं एकेका व्हॉल्व्हला हलकी टिचकी मारत गेलो. तिसऱ्या छोट्या व्हॉल्व्हला टिचकी मारली तर स्पीकरमधून टिंग असा आवाज आला.

"तो खराब होतोय," अंकल मी काही बोलायच्या आत म्हणाले. "मी एक जास्तीचा ठेवलाय, घेऊन जा."

मग मी एक तार छेडली. त्या आवाजाचं वर्णन मला आजही नीट करता येत नाही. तार जशी होती तशीच बाहेर आली, एवढंच म्हणतो. सहाही तारा एकदम छेडल्या तर सहाही वेगळ्या ऐकू आल्या.

"वाढव."

मी वाढवला.

"अजून."

खिडकीच्या काचा थरथरल्या. बाहेर अंगणात झोपलेलं कुत्रं उठून गेलं. तरी प्रत्येक सूर स्वच्छ, कुठंही फाटत नव्हता. मला हसू आवरेना.

अंकलनी हात वर करून मला थांबवलं आणि समोर खुर्ची ओढून बसले.

"नीट ऐक. स्वस्त मशीन जास्त चढवलं की ओरडतं. लोक कानावर हात ठेवतात, तुला समजतं. ये ऐसा नहीं. हे कितीही चढवलं तरी गोडच लागणार. म्हणून बस झालं असं तुला कोणी सांगणार नाही. तुलाच ऐकायला लागेल."

"काय ऐकायचं, अंकल?"

"बाकीचे ऐकू येतात का, ते."

आवाजाच्या बटणाशेजारी, बऱ्याच खाली, लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. त्याच्यावर त्यांनी वाकडं बोट ठेवलं. "आमच्या बँडमध्ये एक मुलगी गायची. ती गायला उभी राहिली की मी बटण इथपर्यंत खाली आणायचो. हा ठिपका तिनंच लावला. नंतर ती माझी मिसेस झाली. तुमच्यात गातं कोण?"

"माझी बहीण."

"मग हा ठिपका पुसू नको."

त्यांनी सांगितली ती किंमत मी दिली आणि आम्ही दोघांनी मिळून ते खोकं टांग्यात चढवलं. घरापर्यंत टांगेवाला मला विचारत होता की एवढा मोठा रेडिओ एकटा माणूस ऐकणार तरी कधी.

अक्काला तो अँप्लिफायर माझ्यापेक्षा जास्त आवडला. पहिल्यांदा विहारात लावला तेव्हा ती माझ्यासमोर चटईवर बसली आणि म्हणाली, "वाजव, नुसतं वाजव. मी गात नाही आज." मी अर्धा तास वाजवलं. मध्येच तिनं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना जाड खाकी कापड घेऊन आली आणि शिलाई मशीनवर बसून अँप्लिफायरला गळ्यापासून पायापर्यंत झाकणारी खोळ शिवली.

सुरुवातीचे काही महिने फार चांगले गेले. मी बटण ठिपक्यावर ठेवायचो. अक्का गायची, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत गिटार यायची आणि पुन्हा मागे जायची. पेटीवाले काका म्हणायचे, "आता पार्टी भरल्यासारखी वाटती." आम्हाला लांबून बोलावणी येऊ लागली. सटाणा, निफाड, सिन्नर.

मग लोक मला ओळखायला लागले. गिटार वाजली की पोरं पुढे सरकायची, म्हातारी माणसंही वाकून बघायची. गाण्याच्या मधली माझी जागा संपली की टाळ्या पडायच्या आणि कुणीतरी ओरडायचं, "पुन्हा वाजवा!" त्या टाळ्यांची गोडी मला लागली. बटण ठिपक्याच्या जरा वर गेलं. पुढच्या कार्यक्रमात आणखी जरा. फाटत तर नव्हतंच. प्रत्येक सूर काचेसारखा स्वच्छ. कुणी तक्रार केली नाही.

अक्काचा आवाज मात्र त्याच जुन्या भोंग्यांतून जात होता, आणि ते भोंगे तोंड पुढे करून बांधलेले. तिच्या मागे हातभर अंतरावर माझा अँप्लिफायर. तिला स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून ती वरच्या पट्टीत जोर लावायला लागली. हे सगळं मला आज कळतंय असं म्हणायची सोय नाही. मी इलेक्ट्रिशियन होतो. आवाज कुठून कुठं जातो हे मला त्या मांडवात बसलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

कार्यक्रम संपला की ती ज्येष्ठमधाची काडी चघळत बसायची. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आई विचारायची, "घसा बसलाय का गं?" ती म्हणायची, "शाळेतल्या पोरांनी बसवलाय." आणि मीही ते खरं मानून घेतलं.

चांदवडजवळच्या एका गावात दुपारचं लग्न होतं. पेटीवाल्या काकांच्या भावकीतलं. जेवणाच्या पंगती उठल्या आणि आम्हाला गायला बसवलं. माणूस भरपूर जमला होता. बाजूच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरही लोक उभे. दुसऱ्याच गाण्यात माझ्या वाजवण्यावर एवढ्या टाळ्या पडल्या की अक्काला पुढचं कडवं सुरू करायला थांबावं लागलं. ती हसली आणि माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. तिला अभिमान वाटत होता, मला दिसत होतं.

तिसरं गाणं उंच पट्टीतलं होतं. ती दुसऱ्या कडव्यावर आली आणि मध्येच माइकवर हात ठेवून मागे वळली. म्हणाली, "भावड्या, जरा कमी कर रे. माझं मलाच ऐकू येत नाही."

मी बटणाकडे पाहिलं. ते ठिपक्यापासून इतकं लांब होतं की मला वाटलं कुणीतरी फिरवलं असावं. कुणी फिरवलं नव्हतं. माझा हात तारेवर होता, समोर पोरं वाट बघत होती, पुढची जागा माझी होती. मी काही ऐकलंच नाही असा चेहरा केला आणि वाजवायला सुरुवात केली.

ती पुन्हा पुढे वळली. माझी जागा संपल्यावर तिनं सूर उचलला आणि वर गेली, आणि तिथं तिचा आवाज तुटला. एका क्षणापुरताच. ती थांबली नाही, उरलेलं गाणं तिनं रेटून पूर्ण केलं. पण तिच्या मानेच्या शिरा मला मागूनही दिसत होत्या.

सामान बांधताना पेटीवाले काका माझ्याजवळ आले. ते चिडून बोलणारे माणूस नव्हते. म्हणाले, "पोरा, तू लय भारी वाजवतो. पण आम्ही काय तुझ्यामागं वाजवायला येतो का? तिच्या गळ्याकडं बघ जरा."

"काका, ती सांगते की मला, जास्त झालं तर," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि पेटीचा पट्टा आवळत राहिले. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही.

सोमवारी अक्का शाळेत गेली तर हजेरी घेता येईना. तोंडातून नुसती हवा. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून तपासलं आणि सांगितलं की स्वरयंत्रावर सूज आहे, गाठी धरल्यात, तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

तिनं शाळेतून एक पाटी आणली. त्या पाटीवर ती लिहून बोलायची. 'मीठ कमी आहे.' 'आईच्या गोळ्या आण.' अक्षर तेच, मुलांना कित्ता घालून द्यावं तसं. पार्टी बंद झाली, कारण गायला कुणी नव्हतं. आणि मी काय केलं तर नाशिकरोडच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायला गेलो. त्यांना गिटारवाला हवाच होता, आणि अँप्लिफायरसह मिळाला तर फारच उत्तम. पहिल्या कार्यक्रमाहून घरी आलो तेव्हा अक्का दारात बसली होती. तिनं पाटी माझ्यापुढे धरली. 'कसा झाला कार्यक्रम?'

मी म्हणालो, "चांगला झाला."

तिनं ते पुसलं आणि लिहिलं, 'तार नीट लागली होती का?'

तीन आठवडे पुरे व्हायच्या आधीच ती वर्गावर गेली. वार्षिक परीक्षा जवळ आल्या होत्या, पोरं मागे पडतील म्हणाली. गाठी वाढल्या. मुंबईला मोठ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बोलण्यापुरता आवाज येईल असं सांगितलं होतं, आणि तेवढाच आला. खरबरीत, वाऱ्यासारखा, वाक्याच्या शेवटी विरून जाणारा. वर्गात ती टाळी वाजवून पोरांना गप्प करायची आणि फळ्यावर जास्त लिहायची. पोरं तिच्या तासाला शांत बसायची, कारण नाहीतर काही ऐकूच यायचं नाही. गाणं तिनं पुन्हा केलं नाही. विहारात बाकीच्या बायका गायला लागल्या की ती ओठ हलवायची, बस्स.

ऑर्केस्ट्रात मी दोनएक वर्षं वाजवलं. मग कॅसिओचा कीबोर्ड आला, लोकांना गिटारचं अप्रूप राहिलं नाही, आणि व्हॉल्व्हही मिळेनासे झाले. एक मोठा व्हॉल्व्ह गेल्यावर अँप्लिफायर वर्षभर कॉटखाली पडून होता. शेवटी मालेगावचा एक बँडवाला येऊन घेऊन गेला. तो नेताना मला वाईट वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं. देवळालीच्या अंकलना कधीतरी जाऊन भेटावं, झालेलं सांगावं, असं पुष्कळदा मनात आलं. गेलो नाही. काय सांगणार होतो त्यांना?

अक्काचं लग्न उशिरा झालं. भाऊजी सटाण्याला नोकरीला होते, तिनंही जिल्हा परिषदेच्या शाळेत तिकडे बदली करून घेतली. मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. माझंही तोवर लग्न झालं होतं. आम्ही सगळ्या विषयांवर बोलायचो, त्या एका विषयाशिवाय. गप्पांत पार्टीचा विषय निघाला तर ती हसत पेटीवाल्या काकांच्या नकला सांगायची, आणि मी लवकरच काहीतरी दुसरं काढायचो.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी एकटाच सटाण्याला गेलो होतो. भाऊजी बाहेर गेलेले. दुपारची वेळ. अक्का पाचवीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन तपासत बसली होती आणि मी पलीकडे वर्तमानपत्र वाचत होतो. मी काही ठरवून गेलो नव्हतो. एकदम तोंडातून निघालं.

"अक्का, चांदवडच्या लग्नात तू मला कमी कर म्हणाली होतीस. मला ते ऐकू आलं होतं."

तिनं लाल पेन खाली ठेवला नाही. हातातला पेपर पूर्ण तपासला, गुण मांडले, मग वर बघितलं.

"माहितीय मला," ती म्हणाली. "तू बटणाकडे बघितलं होतंस."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे फक्त मलाच माहीत आहे. आणि ती हे मनात ठेवून पाटीवर मला तार लागली होती का विचारत होती.

"मग तू पुन्हा का नाही सांगितलंस? रागावली का नाहीस माझ्यावर?"

तिला बोलायला श्वास जमवावा लागायचा, त्यामुळे ती विचार करतेय की दम घेतेय हे कधी कळायचं नाही.

"लोक टाळ्या वाजवत होते ना," ती म्हणाली. "मला वाटलं, आपल्या दोघांसाठी आहेत. वाटलं, एवढं एक गाणं निघून जाईल. तुझा हात थांबवावासा वाटला नाही."

टाळ्या दोघांसाठी नव्हत्या. त्या माझ्यासाठी होत्या, आणि हे मला त्या दुपारीही माहीत होतं. तिच्या गाण्याला लोक टाळ्या वाजवत नसत. तिचं गाणं लोक मान खाली घालून ऐकत. मी बटण वाढवत गेलो तसं ते ऐकणं कमी होत गेलं, आणि तिच्या पाठीमागे बसून मी ते दर कार्यक्रमात बघत होतो. एवढं तरी मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ती दोघांसाठी म्हणतेय तर तसंच राहू दे, असं स्वतःला समजावलं. ते तिच्या समाधानासाठी होतं की माझ्या, हे मी तेव्हाही तपासलं नाही.

तिनं पुढचा पेपर ओढून घेतला. थोड्या वेळानं म्हणाली, "ह्या मुलीचं अक्षर बघ. माझ्यासारखंच काढते," आणि तो कागद माझ्याकडे सरकवला. मी तो हातात धरून बराच वेळ बघत बसलो. संध्याकाळच्या गाडीनं नाशिकला परत आलो.